तिकडची माय

मागच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, सावली गावात आमच्या अंगणात एक अमेरिकन मालिका पाहिली गेली. भाचा नागपूरहून सुटीवर आला होता. त्याने खाटेवर लॅपटॉप ठेवला, भजनाच्या वेळी लावतो तो छोटा स्पीकर जोडला आणि ‘फ्रिंज’ सुरू केली. इंग्रजी कुणालाच पुरती कळत नव्हती. भाचा दर दोन-तीन मिनिटांनी चित्र थांबवायचा, काय झालं ते सांगायचा, पुन्हा सुरू करायचा. समोर बसलेले लोक दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं बघत मोठे झालेले. गोष्ट मध्येच थांबते आणि कुणीतरी उभं राहून ती उलगडून सांगतं, याचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

त्या रात्री लागला तो दुसऱ्या पर्वातला ‘पीटर’ नावाचा भाग. साल १९८५. वॉल्टर बिशप या शास्त्रज्ञाचा लहान मुलगा दुखण्यानं जातो. वॉल्टरनं शेजारच्या विश्वात डोकावणारी एक खिडकी तयार केलेली असते. तिकडे तोच मुलगा, तेच दुखणं, पण पोरगा अजून जिवंत. तिकडचा वॉल्टर औषध शोधत असतो आणि नेमक्या क्षणी त्याचं लक्ष विचलित होऊन शोध हातातून निसटतो. खिडकीतून हे पाहणारा इकडचा बाप औषध बनवतो, रात्री गोठलेल्या तळ्यावर जातो आणि दोन जगांमधली भिंत फोडून पलीकडे उतरतो. पण वाटेतल्या झटापटीत औषधाची कुपी फुटते. मग तो पोरालाच इकडे घेऊन येतो. बरा करायचा आणि परत नेऊन सोडायचा, असं त्यानं मनाशी ठरवलेलं असतं. पण इकडची आई पोराला बघते आणि परत नेण्याचं बळ बापात उरत नाही.

भाच्यानं चित्र थांबवून हे सगळं सांगितलं. दोन विश्वं कशी असतात, भिंत फुटली म्हणजे काय झालं, हे कुणीतरी विचारेल म्हणून तो तयारीत होता. शेजारच्या काकू सुपात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“आन् तिकडची माय?”

भाच्याला कळलं नाही.

“तिकडची माय सकारी उठन तं लेकरू नाही. ते कोनाले पुसन?”

समांतर विश्वांच्या मालिकांवर मी बरंच वाचलं आहे. धागे कसे जुळले, कोणती गाठ सुटली नाही, कोणत्या भागात काय आधीच दडवून ठेवलं होतं, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. काकूंचा प्रश्न मात्र मला त्या लिखाणात क्वचितच भेटला. आणि ‘फ्रिंज’ची पाच पर्वं, शंभर भाग, २००८ ते २०१३ एवढा पसारा ज्या खांबावर उभा आहे तो खांब म्हणजे हाच प्रश्न. तिकडचा बाप आपलं लेकरू कुणी नेलं हे शोधून काढतो आणि दोन जगांत युद्ध पेटतं. मालिकेला तिथवर पोचायला बराच काळ लागला. अंगणात तो प्रश्न त्याच रात्री, शेंगा सोलता सोलता विचारला गेला.

‘आपल्या प्रेक्षकाला हे कळणार नाही’ हे वाक्य मराठी दूरचित्रवाणीच्या भोवती वर्षानुवर्षं ऐकू येतं. विज्ञानकथा म्हटली की ते हमखास येतं, आणि प्रेक्षक गावाकडचा असेल तर जास्तच ठामपणे. माझं म्हणणं असं की हे वाक्य साफ चुकीचं आहे आणि त्यानं एका कलेचं नुकसान केलं आहे.

आमचा प्रेक्षक कसा घडला ते पाहिलं पाहिजे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात. आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं माहेर. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव ऐकू आलं. इथे मात्र बहीण-जावई, सोयरे, पाहुणे सगळे नाटकाच्या निमित्तानं गावात येतात आणि पहाट होईपर्यंत मांडी मोडत नाहीत.

रात्रभर चालणाऱ्या या नाटकाचा एक अलिखित कायदा आहे. पहिल्या अंकात ज्याच्यावर अन्याय झाला तो शेवटच्या अंकात परत आला पाहिजे. घरातून काढलेली सून, हिस्सा बुडवलेला धाकटा भाऊ, टाकून दिलेलं पोर, कुणीही विसरलं जात नाही. मधे लावणी होते, विनोदी नट दहा-दहा मिनिटं मंडप हलवतो, पण प्रेक्षकाच्या मनात एक हिशोब चालूच असतो की त्या बाईचं काय झालं. तो हिशोब पुरा झाल्याशिवाय माणूस उठत नाही, मग दव पडून अंगावरची चादर ओली का होईना. ही तालीम ज्याला मिळाली त्याला दुसरं विश्व समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या विश्वातही माणसंच राहतात हे त्याला कुणी सांगण्याआधी ठाऊक असतं.

झाडीपट्टीच्या नाटकानं स्वतः दुसऱ्या विश्वाची वाट धरलेली नाही, हेही तितकंच खरं. कुंकू, सौभाग्य, भाऊबंदकी यांच्या फेऱ्यात आमची नाटकं बरीच अडकून पडली आहेत, आणि अलीकडे नाचगाण्यानं कथेची जागा खाल्ली आहे. प्रेक्षक मात्र नाटकाच्या पुढे गेलेला आहे.

मराठीत समांतर विश्वांच्या विषयाची जमीन कधीच तयार झाली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्याच हातानं पुढे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिली. इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. फाटा कुठे फुटला, तर १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिकडे त्यांना चाटून गेली. ‘विश्वास पानिपतात गेला’ असं आपण बोलता बोलता म्हणतो. नारळीकरांनी त्या म्हणण्यातलाच विश्वास जिवंत केला, म्हणून ही कथा मराठी माणसाच्या इतकी आत पोचते. ह्यू एव्हरेटनं १९५७ मध्ये पुंजभौतिकीतून मांडलेली अनेक जगांची कल्पना एवढ्या घरगुती वाटेनं आपल्याकडे आली, ही मला मराठी साहित्यातली मोठी गोष्ट वाटते.

त्या कथेत प्रेक्षकही आहेत. गंगाधरपंत तिकडच्या मुंबईत एका सभेला जातात, अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून सवयीनं तिच्यावर जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात, हातात येईल ते फेकून मारतात. त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषणं कधीच मोडीत काढलेली असतात. जग बदललं की ऐकणाऱ्याचा हक्कही बदलतो, हे नारळीकरांनी किती सहज सांगितलं.

ही कथा मी एकदा इथल्या बारावीच्या मुलांना सांगितली आणि विचारलं, तुम्ही फाटा कुठे फोडाल? पानिपत कुणीच धरलं नाही. एक मुलगा म्हणाला, १७५१, चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंडराज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं नसतं तर. एका मुलीनं २१ ऑक्टोबर १८५८ ही तारीख सांगितली, चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली तो दिवस. वर्ग काही वेळ गप्प झाला. मग एक जण हळूच म्हणाला की त्या दिवशी बाबा मोहफुलं वेचायला पाच मिनिटं उशिरा निघाले असते तर. वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत प्रत्येक घराकडे असा एखादा दिवस असतो. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणून आपण जर-तर उडवून लावतो खरं, पण ज्या घरी असा दिवस येऊन गेला तिथे ही म्हण कुणी काढत नाही.

नारळीकरांच्या कथेत मला एकच उणीव जाणवते आणि ती याच ठिकाणी. गंगाधरपंत दोन्ही जगं बघून सुखरूप परततात, खिशात बखरीचं फाटलेलं पान घेऊन. त्यांना त्या प्रवासाची किंमत मोजावी लागत नाही. विद्वानाचं कुतूहल तिथे पुरेपूर आहे, मागे राहिलेलं कुणी नाही. कथेच्या लांबीत ते चालून जातं, मालिकेच्या लांबीत चाललं नसतं. पण तशी मालिका आपल्याकडे झालीच नाही. दूरदर्शनवर १९८९ च्या सुमारास ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ आल्या त्या हिंदीत, मुलांसाठी. मराठी वाहिन्यांनी दुसऱ्या जन्माला दार उघडलं, दुसऱ्या जगाला नाही. २००७ मध्ये झी मराठीवर आलेली ‘असंभव’ पुनर्जन्मावर होती आणि ती घराघरांत पाहिली गेली. भूतं तर आजही जोरात आहेत.

सगळ्यांत जवळ आली ती ‘समांतर’. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ही वेबमालिका मार्च २०२० मध्ये आली, सतीश राजवाडे यांच्या दिग्दर्शनात, नऊ भागांची. सगळीकडून हरलेल्या कुमार महाजनला कळतं की आपलंच आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसानं आधीच जगून संपवलंय. त्याचा भूतकाळ तो आपला भविष्यकाळ. कल्पना झकास आहे, आणि आमच्याकडे मालिका पाहणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागली नाही. तळहात आणि पत्रिका घरातल्याच गोष्टी. पण नाव समांतर असलं तरी रेषा इथे एकच आहे. तिच्यावरून एक माणूस पुढे गेला, दुसरा मागून येतोय. दुसऱ्या पर्वात तो डायरीचं एकेक पान उलटत राहतो आणि उद्या काय होणार या उत्कंठेत गोष्ट धावते. नशीब टळतं का, एवढाच प्रश्न तिथे उरतो. दुसरी वाट खरोखर असती आणि तिच्यावर दुसरे लोक राहत असते, तर त्यांचं आपण काय देणं लागतो, या प्रश्नाला ती हात घालत नाही. मला तिच्याकडून तो हवा होता, कारण एवढ्या जवळ दुसरं कुणी आलेलंच नाही.

जर्मन ‘डार्क’ तिथवर गेली. विंडेन हे लहानसं गाव, भोवती जंगल, मधे गुहा, शेजारी अणुवीजकेंद्र. जंगल आणि वीजकेंद्राची धुराडी एकाच आभाळाखाली असणं चंद्रपूरच्या माणसाला नवं नाही. या मालिकेतली नाती लक्षात ठेवायला जगभरचे प्रेक्षक वंशावळीचे तक्ते काढून बसले होते. आमच्याकडे लग्नात सोयरीक सांगणारी एखादी म्हातारी तो गुंता एका बैठकीत सोडवेल. २०२० च्या तिसऱ्या पर्वात दुसरं जग उघडतं, आणि शेवटी कळतं की दोन्ही जगं एका घड्याळजीच्या दुःखातून फुटली. त्याचा मुलगा, सून आणि तान्ही नात अपघातात जातात, त्यांना परत आणायला तो यंत्र बनवतो. ‘फ्रिंज’मध्येही बाप आणि गेलेलं मूलच. दोन देशांत, दोन भाषांत बनलेल्या या मालिका एकाच जागी येऊन थांबतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या विश्वाचं गणित खोलीभर फळ्यावर मांडा, त्याच्या तळाशी कुणाचं तरी जाणं असतं. आणि ‘डार्क’ त्या जाण्याची पुरी किंमत घेते. ज्यांच्यावर आपण तीन पर्वं जीव लावला ती दोन माणसं स्वतःच्या अस्तित्वावर पाणी सोडतात.

म्हणूनच मार्व्हलच्या ‘लोकी’वर आणि तिच्या भावंडांवर माझं मन बसत नाही. दुसऱ्या विश्वाची कल्पना त्यांनी दुकानासारखी वापरली, मेलेला माणूस हवा असेल तर शेजारून दुसरा आणावा. भाच्यानं तेही एका रात्री लावून पाहिलं. पोरं खुश होती. मोठी माणसं एकेक करून उठून गेली, कुणी नाव ठेवलं नाही. मंडपातून प्रेक्षक असा उठायला लागला की झाडीपट्टीतल्या नटाला काय ते कळतं.

‘फ्रिंज’ मात्र सुटी संपेपर्यंत चालली. तिसऱ्या पर्वात शीर्षकाचा रंग बदलतो, इकडची गोष्ट असेल तर निळा, तिकडची असेल तर तांबडा. हे पोरांनी आमच्या आधी ओळखलं. तांबडा रंग आला की ती ओरडायची, “तिकडचं!” आणि कोपऱ्यातली माणसं पुढे सरकायची. पण मला आठवते ती त्याआधीची, दुसऱ्या पर्वाच्या शेवटाची रात्र. पीटर आता मोठा झालाय, आपण चोरून आणलेले आहोत हे त्याला कळलंय आणि तो पलीकडे गेलाय. एवढ्या वर्षांनी जन्म देणारी आई त्याच्या समोर येते.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं होतं. ती दोघं एकमेकांकडे बघत होती, अजून कुणी बोललं नव्हतं.

“आता पयले जेवला का म्हनन,” काकू म्हणाल्या.

भाच्यानं चित्र थांबवलं नाही.