फुकटातलं मराठी

फायरफॉक्स मराठीत दिसतो तो स्वयंसेवकांच्या भाषांतरामुळे. बटणावर शब्द एकच, पण 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा', यात अख्खी संध्याकाळ जाते. कोड लिहिणाऱ्या नवख्यांना 'गूगल समर ऑफ कोड' २००५पासून मानधन देतं. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांसाठी गूगलचंच 'सीझन ऑफ डॉक्स' यायला २०१९ उजाडलं. (आउटरीची डिझाइनलाही पैसे देतं, हे बरंय.) 'पैसा आला की सेवाभाव जातो' हे मला पटत नाही. कोडवाल्यांना हे कुणी ऐकवत नाही. फुकट काम परवडतं ते पुण्यात पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला; चकलांब्यात रोजंदारी बुडवून कोण बसेल? म्हणून मेनूत पुस्तकी मराठी येतं आणि गावाकडची मंडळी फोन परत इंग्रजीवर नेतात.