47 एम/5 : हर्सूलचा कागद

छत्रपती संभाजीनगरचे हर्सूल ज्या कागदावर येते त्याचा क्रमांक 47 एम/5. भारतीय सर्वेक्षण विभागाचा हा स्थलनिर्देशक नकाशा. उत्तर अक्षांश 19 अंश 45 मिनिटे ते 20 अंश आणि पूर्व रेखांश 75 अंश 15 मिनिटे ते 75 अंश 30 मिनिटे, एवढ्या चौकोनातली जमीन त्यावर 1:50,000 या प्रमाणात उतरवली आहे. कागदावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. कवितेचे रसग्रहण ज्या सावकाशीने करतो त्याच सावकाशीने हा कागद वाचावा, असे मला मनापासून वाटते. यातली एकही रेघ सहज ओढलेली नाही, आणि काय गाळायचे तेही तितक्याच विचाराने ठरवले आहे.

आधी रंग. निळा रंग पाण्याचा हे शाळेतच कळते. पण सर्वेक्षण विभागाचा संकेत त्याहून काटेकोर आहे. पात्रात पाणी असेल तिथे निळी रेघ, पात्र कोरडे असेल तर तीच नदी काळ्या रेघेने काढायची. मराठवाड्यातले कुठलेही पत्रक उलगडा, डोळ्यांत भरते ती काळ्या रेघांची जाळी. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावलेली खाम नदी हर्सूलच्या तलावाकडे येते, तिला वाटेत कितीतरी ओढे मिळतात. पावसाळ्यात ते खळाळतात. नकाशा मात्र त्यांना उरलेल्या महिन्यांवरून ओळखतो. शेजारी कोकणातले एखादे पत्रक ठेवले तर पावसाचे आकडे न पाहताही दोन्हीकडचे हवामान सांगता येईल. उन्हाळ्यात या डोंगरात जाणाऱ्याने पाठीवर किती पाणी घ्यावे, याचे उत्तर या एका रंगाच्या निवडीत आहे.

खरी मेजवानी तपकिरी रंगात आहे. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा, ही व्याख्या पाठ असते, पण ती रेषा वाचायला डोंगराची सवय लागते. रेषांची टोके उताराकडे झेपावली असतील तर ती सोंड. माथ्याकडे आत शिरली असतील तर ती घळ. एकाच आकृतीची दोन तोंडे, आणि ती ओळखण्यात चूक झाली तर माणूस कड्याच्या पोटात जाऊन उभा राहतो. शेजारच्या रेषेचा आकडा वाचल्याशिवाय निर्णय करू नये.

या भागातल्या समोच्च रेषांना स्वतःची लय आहे. दख्खनचा डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा. कठीण, एकसंध बेसॉल्टचा थर आला की त्याचा कडा होतो, आणि मऊ, सच्छिद्र किंवा तांबड्या मातकट थरावर सपाटी तयार होते. त्यामुळे कागदावर रेषा दाटीने येतात, मग मोकळी जागा, पुन्हा दाटी, पुन्हा मोकळी जागा. हिमालयाच्या पत्रकावर हा ठेका क्वचितच सापडेल. इथे डोंगर कसा घडला ते रेषांमधल्या अंतरातून कळते, आणि चढताना दम कुठे लागेल, बसायला जागा कुठे मिळेल, हेही त्याच अंतरातून कळते. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे भूजल उताराच्या बळावर खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणले. छापील समोच्च रेषा नसताना ज्या कारागिरांनी तो उतार ओळखला, त्यांच्या नजरेचे मोल हा कागद वाचताना अधिक कळते.

आणि आता या कागदाचे मौन. दोन रेषांमध्ये उंचीचा फरक 20 मीटरचा धरलेला असतो. म्हणजे बारा-पंधरा मीटरचा सरळ कातळकडा दोन रेषांच्या मध्ये अलगद बसू शकतो, आणि नकाशावर तिथे कोरी जागा दिसते. थरांच्या या डोंगरात असे कडे पावलोपावली आहेत. याला मी नकाशाचा दोष म्हणत नाही. प्रत्येक चांगल्या मजकुराला वाचकाकडून काही हवे असते. मोकळी जागा दिसली की वरखालच्या रेषांची दाटी पाहावी आणि थराचा हिशेब आपण करावा.

इथवर कागद पुरतो. पुढे होकायंत्र लागते. खामच्या पात्राने उगमाकडे चालत निघालात की थोड्याच वेळात पात्र दुभंगते. दोन्ही फाटे सारखेच रुंद, दोन्ही कोरडे. मूळ प्रवाह कोणता ते डोळ्यांना कळत नाही. अशा जागी नकाशा उत्तरेला जुळवून धरायचा, कागदावर फाट्याची दिशा मोजायची आणि होकायंत्र समोरच्या घळीवर रोखायचे. बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, जुळले तो आपला फाटा. मोबाइलवरचा ठिपका तुम्ही कुठे आहात तेवढे सांगतो. पुढची घळ कशी वळणार आहे, हे इथे थांबून रेषा वाचणाऱ्यालाच कळते.

आपल्या प्रदेशावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोठी मेहेरबानी आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाहूनही कमी. जगात पुष्कळ ठिकाणी तो दहा-पंधरा अंशांपर्यंत जातो आणि प्रत्येक वाचनात दुरुस्ती करावी लागते. एका अंशाची चूक किलोमीटरमागे सतरा मीटरची, म्हणजे इथे ती सहज पोटात घालता येते. पण हीच जमीन दुसऱ्या हाताने सावध करते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर, कुइलिन डोंगरात, अशाच अग्निजन्य खडकाने होकायंत्राची सुई भरकटते. म्हणून कातळावर होकायंत्र टेकवून वाचन घेऊ नये. हातात, छातीच्या उंचीला धरावे, चार पावले सरकून पुन्हा पाहावे. ही सुई किती हळवी असते ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून कळते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हलवले, आणि इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड निवडून आणला.

एका गोष्टीची मात्र चुटपुट लागते. 75 अंश 15 मिनिटांवर या कागदाची पश्चिम कड येते, आणि देवगिरी तिच्या जरासा पलीकडे, 47 एम/1 वर जातो. बीबी का मकबरा आत आहे, औरंगाबादची लेणी आत आहेत, आणि या मुलुखातली सर्वांत ठळक खूण बाहेर. तो दिसेल अशा माथ्यावर पोहोचलात तर दोन्ही कागद कडेला कड लावून पसरावेत. देवगिरीचे बेअरिंग घ्यावे, मकबऱ्याचे घ्यावे, दोन्ही उलटे करून त्या खुणांपासून रेषा ओढाव्यात. त्या छेदतील तिथे आपण. जमल्यास तिसरी खूणही घ्यावी: तीन रेषा सहसा एका बिंदूत मिळत नाहीत, त्यांचा लहानसा त्रिकोण होतो, आणि तो मोठा आला तर कातळापासून दूर सरकून तिन्ही बेअरिंग पुन्हा घ्यावीत.