अमोनियाचा रेणू आणि आद्यदेवदूत

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांचा ‘मोअर इज डिफरंट’ हा निबंध 1972 च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. अवघी चार पाने. ‘अधिक म्हणजे निराळे’ असे शीर्षकाचे मराठी करता येईल. आमच्या एका अभ्यासवर्गात एका धर्मशिक्षकाने सांगितले की, मनुष्य म्हणजे केवळ रसायनांचा गोळा असे म्हणणाऱ्या एका महाविद्यालयीन तरुणास त्यांनी या निबंधाचा दाखला देऊन निरुत्तर केले. विज्ञानानेच आता आत्म्याला जागा करून दिली आहे, असे त्यांचे म्हणणे. तरुण निरुत्तर झाला असेल. परंतु त्याला दिलेले उत्तर खरे होते काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. म्हणून तो निबंध आम्ही पुन्हा काढून वाचला.

निबंधाचा विषय आत्मा हा नाहीच. उलट अँडरसन आरंभीच न्यूनीकरणाचे तत्त्व मान्य करतात: सजीव असो वा निर्जीव, सर्व पदार्थ त्याच थोड्या मूलभूत नियमांना बांधलेले आहेत, याविषयी त्यांना शंका नाही. त्यांचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. वस्तू उलगडत मूलकणांपर्यंत जाता आले, म्हणून मूलकणांपासून निघून पुन्हा वस्तूपर्यंत येता येईलच असे नाही. उतरण्याची वाट मोकळी आहे, चढण्याची नाही. घटकांची संख्या वाढली की प्रत्येक पातळीवर नवे गुणधर्म दिसू लागतात आणि त्यांच्यासाठी नव्या कल्पना लागतात; म्हणून रसायनशास्त्र हे भौतिकशास्त्राचे केवळ उपयोजन नव्हे, की मानसशास्त्र जीवशास्त्राचे. या विचाराला आपण नवोद्भव म्हणू.

निबंधातील सर्वांत सकस भाग अमोनियाच्या रेणूचा आहे. तीन हायड्रोजन अणूंचा पाया आणि शिखरावर एक नायट्रोजन, असा हा लहानसा मनोरा. पण तो स्थिर राहत नाही. नायट्रोजन पायातून आरपार जाऊन पलीकडच्या बाजूस शिखर करतो व परत येतो, आणि हे सेकंदाला सुमारे 24 अब्ज वेळा घडते. त्यामुळे रेणूची खरी स्थिर अवस्था पाहिली, तर ती दोन्ही बाजूंना सारखीच असते. मूलभूत नियमांची सममिती तिच्यात शाबूत असते. आता चाळीसेक अणूंचा साखरेचा रेणू घ्या. सजीवांनी तयार केलेली साखर एकाच दिशेला वळलेली असते आणि ती आपण होऊन कधी उलटत नाही. नियम तेच, त्यांची सममिती तीच. तरी वस्तूने एक बाजू धरली आहे. ती का धरली, हे समीकरणाकडे पाहून कळणार नाही. त्यासाठी सजीवांचा इतिहास पाहावा लागतो. अतिसंवाहकतेचे उदाहरण असेच बोलके आहे. कामरलिंग ओनेस यांना ती 1911 मध्ये पाऱ्यात आढळली. तिचा सिद्धांत बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी 1957 मध्ये मांडला. लागणारी पुंजयामिकी तोवर तीस वर्षे हाताशी होती, आणि एकाहून एक बुद्धिमान माणसे झटत होती. नियम ठाऊक असणे आणि वस्तू समजणे यांत एवढे अंतर!

आता थोडे मागे जाऊ, कारण अमोनियाच्या याच रेणूने पूर्वीच्या एका ग्रंथातही भूमिका केली आहे. केंब्रिजचे तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांनी 1925 च्या ‘द माइंड अँड इट्स प्लेस इन नेचर’ मध्ये नवोद्भवाचा कैवार घेतला. त्यांची विधाने दोन. पहिले असे की, संयुगाचे गुणधर्म त्याच्या घटकांच्या सुट्या अभ्यासावरून काढता येत नाहीत, आणि बहुधा तत्त्वतःही काढता येणार नाहीत. दुसरे अधिक खोल आहे. रसायनशास्त्र उद्या पूर्णपणे यांत्रिक नियमांत बसले असे धरू. अमर्याद गणिती सामर्थ्याचा एखादा आद्यदेवदूत अमोनियाची रचना बिनचूक सांगेल, परंतु तो वायू मनुष्याच्या नाकात गेल्यावर जो वास येतो, तो कसा असेल हे त्यालाही आधी सांगता येणार नाही.

पहिल्या विधानाची गत काय झाली? दोनच वर्षांनी, 1927 मध्ये, हाइटलर व लंडन यांनी हायड्रोजनचे दोन अणू का जोडले जातात हे पुंजयामिकीने दाखविले, आणि ब्रॉड यांना अलंघ्य वाटलेली भिंत ढासळू लागली. जे आज स्पष्ट होत नाही त्यावर श्रद्धेचा मजला चढविणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे. दुसरे विधान, म्हणजे अनुभवाला येणाऱ्या वासाचे, अद्याप वादात उभे आहे. पण अँडरसन यांच्या निबंधाने त्याला टेकू मिळत नाही, कारण ते वासाविषयी बोलतच नाहीत. आपल्या धर्मशिक्षकांनी साखरेच्या रेणूचा पुरावा आणून वासाचा दावा सिद्ध केला.

शिवाय नवोद्भव हा मुळात कोणाचा युक्तिवाद? आपल्या देशात तो जडवाद्यांचा होता. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकमत सांगताना, किण्वादिकांपासून जशी मादकता उत्पन्न होते तसे चार भूतांपासून चैतन्य, असे म्हटले आहे. पान, सुपारी व चुना यांच्या विड्यातून उमटणाऱ्या लालीचा दृष्टांतही लोकायतिकांचाच. लाली तिघांत नाही, विड्यात आहे. म्हणून विड्याबाहेर ती शोधू नका! अँडरसनही निबंधाच्या शेवटी मार्क्सचे नाव घेतात, हे त्यांना आपल्या बाजूस ओढणारे बहुधा वाचीत नाहीत.

निबंधात उणेही आहे. सममितीचा भंग काटेकोर अर्थाने अनंत घटकांच्या समूहातच घडतो, हे अँडरसन स्वतः सांगतात. साखरेचा रेणू तर सांत आहे. तेव्हा अमोनियाचे अब्जावधी वेळा उलटणे आणि साखरेचे ‘कधीच’ न उलटणे हा भेद समीकरणाच्या दृष्टीने प्रमाणाचाच ठरतो. मग नव्या पातळीवरचे नियम सृष्टीतच नवे, की केवळ आपल्या आकलनाला नवे? हा प्रश्न त्यांनी स्वच्छ सोडविलेला नाही, आणि स्फटिकांपासून मानसशास्त्रापर्यंतची शेवटची झेप घाईची आहे. प्रतिपक्षही समजला जातो तितका उथळ नाही. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1992 च्या ‘ड्रीम्स ऑफ अ फायनल थिअरी’ त एवढेच म्हटले की, ‘असे का?’ या प्रश्नाचे बाण सतत खोलवर जातात. रसायनशास्त्र बंद करा असे ते म्हणत नाहीत. (या वादाला पैशाचीही बाजू होती. टेक्सासमधील प्रचंड कणत्वरकाच्या बाजूने वाइनबर्ग व विरुद्ध अँडरसन बोलत होते. 1993 मध्ये अमेरिकन काँग्रेसने तो प्रकल्प रद्द केला.)

तरीही निबंध वाचावा, असे आम्ही आवर्जून सांगू. तो आत्मा सिद्ध करीत नाही. तो ‘केवळ’ या शब्दाचा हक्क काढून घेतो. मनुष्य रसायनांचा बनलेला आहे, या बोलण्याने आपण बिचकण्याचे कारण नव्हते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील मनुष्यही मातीचाच आहे. ‘केवळ’ मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत निघालेले नाही. ते त्या तरुणाने स्वतः जोडले, आणि त्याविषयी त्याला विचारावयास हवे होते. त्या धर्मशिक्षकांनी त्याला पुन्हा भेटावे, आणि आपला पहिला दाखला मागे घेऊन बोलणे सुरू करावे, असे आम्ही त्यांना पत्राने कळविले आहे.