एक वास्तू, तीन धर्म आणि गाळलेली पाने

भारतातून पाहुणे आले की टॉवर ब्रिज आणि बकिंगहॅम पॅलेस झाल्यावर आपल्यापैकी अनेकजण त्यांना पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनला घेऊन जातात. तिथे फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनो प्रॉटेस्टंट लोकांनी ती १७४३ साली चर्च म्हणून बांधली. १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिथे सिनेगॉग सुरू केले आणि १९७६ पासून ती बंगाली मुसलमानांची जामे मशीद आहे. पाठोपाठ तीन धर्म, पण छप्पर एकच! बहुसांस्कृतिक लंडनचे कौतुक करायला याहून चांगले उदाहरण कोणते?

ही गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, पण अर्धी आहे. नाटक असो वा पुस्तक, त्याचे रसग्रहण करताना त्यात काय आहे याबरोबर काय गाळले आहे हेही आपण पाहतोच. तोच नियम या वास्तूलाही लावू या.

पहिले गाळलेले पान १८०९ सालचे. त्यानंतरची दहा वर्षे ही इमारत ज्यूंना ख्रिस्ती करण्यासाठीच स्थापन झालेल्या एका संस्थेकडे होती. पुढे तिथे मेथॉडिस्टांचे प्रार्थनागृह झाले आणि मग सिनेगॉग. ज्या भिंतींच्या आत ज्यूंचा धर्म बदलण्याचे प्रयत्न झाले, त्याच भिंतींच्या आत पुढे ज्यूंनी आपला धर्म कडकपणे पाळला. हे सांगितल्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. उलट ती जास्त माणसांची वाटते.

दुसरे पान कष्टाचे. या तिन्ही समाजांना इथे आणले ते शेजाऱ्यांच्या प्रेमाने नव्हे. गावकुसाबाहेरची स्वस्त वस्ती आणि कापडाचा धंदा यांनी त्यांना इथे आणले. ह्यूगेनो रेशीम विणत, ज्यू कपडे शिवत आणि बंगाली कारागीरही त्याच भागातल्या शिवणकामाच्या कारखान्यांत राबले. करीची हॉटेले त्यानंतरची.

तिसरे पान भीतीचे. १९०५ मध्ये परदेशी लोकांच्या आगमनावर निर्बंध घालणारा कायदा झाला, तो मुख्यतः पूर्व युरोपातल्या ज्यूंना डोळ्यांसमोर ठेवून. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये मोस्लीच्या काळ्या सदऱ्यांचा मोर्चा अडवायला जवळच्याच केबल स्ट्रीटवर हजारो लोक उतरले. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी अल्ताब अली हा तरुण कापड कामगार कामावरून घरी निघाला असता वंशद्वेषातून त्याचा खून झाला. त्याच्या शवपेटीमागून हजारो लोक पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. १९९८ मध्ये तिथल्या बागेला त्याचे नाव दिले गेले. ब्रिक लेनचा आजचा रंगीबेरंगी उत्सव या माणसांनी पाय रोवून उभे राहिल्यामुळे शक्य झाला आहे.

पाने गाळणारे नेहमी बाहेरचेच असतात असे मात्र नाही. मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ ही कादंबरी २००३ साली आली आणि बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली. तिची नायिका नाझनीन लग्न होऊन लंडनला येते, चार भिंतींत अडकते, घरी बसून कपडे शिवते आणि शेवटी नवरा ढाक्याला परत निघतो तेव्हा स्वतः इथेच राहते. कादंबरीने आपली बदनामी केली असे तिथल्या काही मंडळींना वाटले. २००६ मध्ये चित्रपटाला विरोध झाला आणि निर्मात्यांनी प्रत्यक्ष ब्रिक लेनमधले चित्रीकरण टाळले. त्यांचे दुखावणे समजण्यासारखे आहे. आधीच संशयाने पाहिल्या जाणाऱ्या समाजाला घरातले धुणे चव्हाट्यावर यावे असे कसे वाटेल? पण मेळ्यातल्या नाझनीनने फक्त हसायचे, असे आपणच ठरवले तर आपणही तिचे पान फाडले, असेच म्हणावे लागेल.

आणि मंडळी, आता आपल्याकडे वळू या. शहराच्या मेळाव्यात आपण काय सादर करतो? लेझीम, नऊवारी, वडापाव. यात गैर काहीच नाही, पोरे उत्साहाने नाचतात आणि पाहणाऱ्यांनाही मजा येते. पण आपली ओळख तेवढीच राहिली तर? न. चिं. केळकर यांनी १९३२ साली लंडनचे महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. तेव्हापासून किती माणसे आली, कोणी कारखान्यात रात्रपाळ्या केल्या, कोणाला भाड्याने खोली मिळेना, कोणाची बायको थंडीत वर्षभर कोणाशी मराठीत बोलली नाही, हे आपल्या मुलांना कितपत ठाऊक आहे? मंडळातली भांडणे तर आपण स्मरणिकेत कधीच छापत नाही!

ह्यूगेनो गेले, बरेचसे ज्यूही ती वस्ती सोडून उत्तरेकडच्या उपनगरांत गेले. वास्तू राहिली, म्हणून त्यांची थोडीतरी आठवण राहिली. आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे अशी वास्तूही असणार नाही. तेव्हा या वर्षी प्रत्येक घरातल्या एका आजीला किंवा आजोबांना समोर बसवून त्यांची पहिली पाच वर्षे लिहून घ्यावीत, ही विनंती. गोड भाग लिहा, कडूही लिहा. पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवायला संपादक मंडळ नाही म्हणणार नाही, अशी खात्री आहे.