आगबोटीच्या इंजिनिअरचे गाइड

बॉयलरला बाहेरून एक उभी काचनळी लावलेली असते. तिचे वरचे टोक वाफेत उघडते, खालचे पाण्यात. नळीत पाणी जिथवर दिसते तिथवर ते बॉयलरमध्ये आहे, असे समजायचे. आता समजा, खालच्या तोंडात गाळ अडकला आणि पाण्याची वाट बंद झाली. नळीत काय दिसेल?

एका शिक्षक-शिबिरात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर आले, 'नळी रिकामी होत जाईल.' प्रत्यक्षात उलटे घडते. वरून आलेली वाफ गार काचेला लागून पाणी होते, ते पाणी खाली उतरू शकत नाही आणि नळी भरत जाते. वरची, म्हणजे वाफेची वाट बंद झाली तरीही तेच. कोंडलेली वाफ निवते, तिचा दाब उतरतो आणि बॉयलरमधला दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. दोन्ही बिघाडांत नळी पाणी जास्तच दाखवते. आत बॉयलर कोरडा पडत चालला असला तरी!

हा प्रश्न माझा नाही. आगबोटींवरील इंजिनिअरांच्या तोंडी परीक्षेचा हा हुकमी विषय. ब्रिटनमध्ये १८६२ च्या कायद्याने या इंजिनिअरांसाठी पहिल्या व दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे सुरू झाली. उमेदवाराने आधी कारखान्यात उमेदवारी करायची, मग काही काळ समुद्रावर इंजिनखोलीत काढायचा आणि मग 'बोर्ड ऑफ ट्रेड'च्या परीक्षेला बसायचे. परीक्षा आली की मागोमाग गाइड येतेच. संडरलंडच्या रीड प्रकाशनाने डब्ल्यू. एच. थॉर्न यांचे गाइड काढले. ग्लासगोत अशा उमेदवारांना शिकवणाऱ्या जे. डब्ल्यू. एम. सोदर्न यांनी 'व्हर्बल नोट्स अँड स्केचेस फॉर मरीन इंजिनिअर्स' लिहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि पुस्तक जाडजूड होत गेले.

आपण शिक्षक मंडळी गाइडकडे नाक मुरडून पाहतो. सोदर्नच्या पुस्तकाला मात्र मी तसे करणार नाही. त्याच्या नावातच त्याची बलस्थाने आहेत : तोंडी आणि आकृती. परीक्षक समोर बसून झडप कशी असते ते काढून दाखवायला सांगणार, म्हणून आकृती अशी हवी की ती उमेदवाराला स्वतःच्या हाताने कागदावर उतरवता यावी. आमच्या जर्नलमधल्या सुबक, छायांकित आकृत्यांपेक्षा ही पद्धत कितीतरी प्रामाणिक. जिथे वाफ कुठून आत येते हे कळलेले नसते, तिथे पेन्सिल थांबतेच. शिवाय अशा परीक्षेत यंत्र बिघडल्यावर काय करशील हेही विचारतात. आपल्या पाठ्यपुस्तकांतली यंत्रे कधी बिघडतच नाहीत.

माझा आक्षेप वेगळा आहे. परीक्षेसाठी केलेल्या मांडणीत नियम पुढे येतो आणि त्याचे कारण मागे राहते. घाईतला उमेदवार ते ओलांडून जाऊ शकतो. याने काय बिघडते, याचे उत्तम उदाहरण याच व्यवसायात आहे, आणि ते रसायनशास्त्राचे आहे.

सुरुवातीच्या आगबोटींत बॉयलरला समुद्राचेच पाणी लागे. इंजिनातून सुटलेल्या वाफेवर थंड समुद्रजल फवारून ती निववत आणि त्या मिश्रणातलेच काही पाणी परत बॉयलरमध्ये घालत. पाणी वाफ होऊन जाई, क्षार मागे उरत. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण बत्तिसावा भाग क्षार असतात, म्हणून मोजमापही बत्तिसांशात. नियम असा, की क्षारमापकावर दोन-तीन बत्तिसांश दिसू लागले की बॉयलरमधले थोडे पाणी बाहेर सोडायचे आणि ताजे समुद्रजल आत घ्यायचे. दाब कमी होते तोवर नियम अगदी बरोबर होता.

पण क्षारमापक मोजतो काय? मुख्यतः मीठ. मीठ बिचारे निरुपद्रवी. ते साचू लागायला नऊ-दहा बत्तिसांशांच्या आसपास जावे लागते. बॉयलरच्या पत्र्यावर दगडासारखा थर बसवतो तो कॅल्शियम सल्फेट, आणि त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढत नाही, घटते. (घरच्या किटलीतला पांढरा थर बहुधा कार्बोनेटचा असतो, त्याची गोष्ट निराळी.) दाब वाढून पाण्याचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हा सल्फेट जवळजवळ सगळाच खाली बसतो, पाणी कितीही सोडा. उलट जितके पाणी सोडाल तितके नवे समुद्रजल आत येणार आणि तितका नवा सल्फेट त्याबरोबर. १८६० नंतर पृष्ठ-संघनक रूढ झाले. त्यात वाफ समुद्रजलात न मिसळता नळ्यांच्या भिंतीवर निवते आणि तेच गोडे पाणी पुन्हा वापरता येते. आता शहाणपण पाणी न सोडण्यात आणि समुद्रजल शक्यतो आत न घेण्यात होते. ज्याने 'तीन बत्तिसांश झाले की सोडा' एवढेच पाठ केले होते, तो नियम इमानाने पाळून थर वाढवत बसला असता. ज्याला सल्फेटचा स्वभाव ठाऊक होता त्याला नवा नियम कुणी सांगायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या गाइडांचा वाचक कारखान्यातून आलेला आणि इंग्रजी वाचणारा. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींच्या पोटात कोळसा टाकणारे हात पुष्कळदा हिंदुस्थानी असत. खलाशांच्या बोलीत त्यांना आगवाला म्हणत, वंगण घालणाऱ्याला तेलवाला. भट्टीची धग, काचनळीतली पातळी, वाफेचा बदललेला आवाज यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध. पण प्रमाणपत्राची शिडी कारखान्यातल्या उमेदवारीपासून सुरू होई, भट्टीपासून नव्हे. थॉर्नच्या गाइडमधली सोडवून दाखवलेली गणिते किंवा सोदर्नच्या आकृत्या आगवाल्याच्या हाती पडल्या असत्या तरी त्या त्याच्या भाषेत नव्हत्या. नळी भरलेली दिसत असताना बॉयलर रिकामा असू शकतो, हे त्याला कळले असेल तर शेजारच्या जुन्या माणसाकडून, किंवा एखाद्या अपघातातून.

सोदर्नच्या आकृत्या शिक्षकांनी जरूर पाहाव्यात. पण वर्गात नेताना खालचा मजकूर झाकून न्याव्यात. नळीचे दोन्ही नळ आणि तळाचा निचऱ्याचा नळ फळ्यावर काढा, आणि मुलांना विचारा : कोणता नळ आधी बंद केला, म्हणजे कोणती वाट तुंबली आहे ते कळेल?