वाक्यसूची आणि संबोधन

२०२० नंतर दूरस्थ कामाचा विस्तार झाला आणि त्याबरोबर परभाषाशिक्षणात एक नवा पाठ्यप्रकार रूढ झाला. ऑनलाइन बैठकीत उपयोगी पडणाऱ्या स्पॅनिश वाक्यांची सूची हा तो प्रकार होय. ‘माझा आवाज ऐकू येतो का?’, ‘पुन्हा सांगाल का?’ अशी वाक्ये एका बाजूस इंग्रजीत व दुसऱ्या बाजूस स्पॅनिशमध्ये मांडलेली असतात. या सूचींची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. बैठकीतील बरेचसे बोलणे ठरीव असते आणि ठरीव वाक्ये मुखोद्गत असली म्हणजे नवशिक्याची भीती ओसरते. प्रश्न इतकाच की, वाक्याबरोबर त्यातील नातेही या सूची शिकवितात काय?

या प्रश्नाची कसोटी सर्वनामापाशी लागते. इंग्रजीतील ‘यू’ या एका रूपाच्या जागी स्पॅनिशमध्ये ‘तू’ व ‘उस्तेद’ आहेत. अर्जेंटिनात ‘तू’च्या ठिकाणी ‘वोस’ येते. ‘ऐकू येते का?’ हे माद्रिदच्या सहकाऱ्यांना ‘मे ओईस?’ असे, तर मेक्सिकोतील सहकाऱ्यांना ‘मे ओयेन?’ असे विचारावे लागते. इंग्रजीमार्गे रचलेल्या सूचीत हा भेद पुसला जातो आणि कोणाशी बोलावयाचे हे न ठरविताच विद्यार्थी वाक्य पाठ करतो.

वस्तुतः मराठी विद्यार्थ्यास या आडमार्गाची गरज नाही. ‘तू, तुम्ही, आपण’ ही श्रेणी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. ‘उस्तेद’ हे रूप ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या आदरवचनातून झिजून आले. म्हणून त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी असते. ‘सरकारांनी आज्ञा करावी’ ही दरबारी मराठी ज्यास ठाऊक आहे, त्यास या रचनेचे नवल वाटणार नाही.

परंतु हे साम्य फसवेही आहे. मराठी ‘तू’ आणि स्पॅनिश ‘तू’ यांचे मूळ एकच असले, तरी त्यांचे व्यवहारक्षेत्र एक नाही. स्पेनमधील अनेक कार्यालयांत वरिष्ठांनाही ‘तू’ म्हटले जाते. उलट बोगोतात जिवलग मित्रांमध्येही ‘उस्तेद’ ऐकू येते. तेथे ‘तू’ म्हणजे अनादर आणि ‘उस्तेद’ म्हणजे दुरावा, हा मराठी हिशेब चुकतो.

प्रत्यक्ष भेटीत अशी चूक मुद्रेने सावरता येते. पडद्यावर मुद्रा लहान होते, कधी दिसतही नाही. तेव्हा नात्याचा सारा भार शब्दावर पडतो. काळवाचक शब्दांचेही तसेच. पुण्यात रात्रीचे ८.३० वाजलेले असतात तेव्हा मेक्सिको शहरात सकाळचे ९.०० होतात, अशा बैठकीत ‘शुभ प्रभात’ या अर्थाचे ‘बुएनोस दीआस’ ऐकणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे म्हणावयाचे. त्याच शहरातील ‘आओरीता’ हा शब्द ‘आत्ता’चे लघुरूप आहे, पण त्याचा अर्थ ‘या क्षणी’ होईल किंवा ‘थोड्या वेळाने’ही होईल. सूचीत मात्र त्यासमोर एकच अर्थ लिहिलेला असतो. तेथे ‘आ के ओरा?’, म्हणजे ‘किती वाजता?’, हा साधा प्रश्न दहा तयार उत्तरांहून अधिक कामाचा ठरतो.

तेव्हा दोष वाक्ये पाठ करण्यात नाही. ती कोणासाठी आहेत, हे न सांगण्यात आहे. प्रत्येक वाक्यासमोर ऐकणारा कोण, कोणत्या देशीचा व कोणत्या नात्याचा, हे नोंदविले, आणि समजले नाही तर काय विचारावे हे प्रथम शिकविले, तर हीच सूची भाषाशिक्षणाचा प्रामाणिक आरंभ होऊ शकेल. मराठीतून स्पॅनिश शिकविणारे असे पाठ सिद्ध करणे हे विद्यापीठीय भाषाविभागांच्या आवाक्यातील काम आहे.