कापसाचा न्याय आणि वेचणारीचा हिशेब

शेतमालाच्या जागतिक व्यापारातील अन्यायाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७९ साली शरद जोशी यांनी शेतकरी संघटना स्थापन केली, १९८० साली चाकणचे कांदा आंदोलन झाले, आणि पुढे 'रास्त भाव', 'भारत विरुद्ध इंडिया', 'उणे सबसिडी' हे शब्द अडत दुकानापासून अग्रलेखापर्यंत रुळले. हे लेखन मी विद्यार्थिदशेपासून वाचत आलो आहे. त्यातला बराच भाग खरा आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु ते वाचताना दर वेळी एक प्रश्न उभा राहतो. या लेखनातील 'शेतकरी' म्हणजे नेमका कोण?

माझी आई मानवतकडच्या शिवारांतून कापूस वेचायला जाई. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागे. कापूस ओला आहे, कवडी आहे म्हणून किलो-अर्धा किलो कापला जाई आणि उरलेल्याचे पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी मिळत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी परीक्षेची फी त्या काट्यावरून आली. कापसाच्या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, आणि तसा आवही आणत नाही.

आता मूळ अन्याय पाहू. भाव पडला की अमेरिकेतील कापूस उत्पादकाला तूट सरकारी तिजोरीतून भरून मिळते. म्हणून भाव पडूनही त्याचा पेरा कमी होत नाही, त्याचा माल जगाच्या बाजारात येत राहतो, आणि भाव आणखी पडतो. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार केली. २००४ आणि २००५ साली निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. पुढे काय झाले? काही सवलती बंद झाल्या. पण २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. फिर्यादीच्या हाती पैसे ठेवून फिर्याद बंद करण्याची ही रीत आपल्या गावांना अपरिचित नाही. ज्यांच्याजवळ खटला चालवण्याची ताकद नव्हती त्या माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या देशांनी २००३ पासून हाच प्रश्न मांडला. २०१५ च्या नैरोबी परिषदेत कापसावरील निर्यात सबसिडी बंद करण्याचे ठरले. देशांतर्गत सबसिडी तशीच राहिली. आणि तीच अमेरिका २०१८ साली भारताच्या कापूस हमीभावावर आक्षेप घेते, तेव्हा हिशेबाला आधार असतो १९८६-८८ च्या किमतींचा!

इथपर्यंत शेतकरी चळवळीच्या लेखनाशी माझे भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या पायरीवर. हे लेखन गृहीत धरते की न्यूयॉर्कच्या सौद्यात कापलेला पैसा परत मिळाला की तो गावात येईल, आणि गावात आला की सर्वांचा होईल. गाव म्हणजे एक कुटुंब अशी ही कल्पना आहे. गावाला वेस असते आणि वेशीबाहेर वस्ती असते, हे या अर्थशास्त्राला आठवत नाही.

या जागी बाबासाहेबांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ सालचा ग्रंथ पुन्हा वाचला पाहिजे. चांदी स्वस्त झाली, रुपया घसरला, आणि त्यामुळे हिंदुस्थानच्या निर्यातीला चालना मिळते, देशाचा फायदा होतो, असे तेव्हा बडे लोक सांगत. बाबासाहेबांनी विचारले की हा फायदा येतो कुठून? त्यांचे उत्तर असे की तो परक्याच्या खिशातून येत नाही. किमती वाढतात, मजुरी त्या प्रमाणात वाढत नाही. तो फरक म्हणजेच निर्यातदाराचा नफा. एका हिंदी माणसाच्या फायद्याची किंमत दुसरा हिंदी माणूस मोजतो. जागतिक व्यापारातील न्याय देशांच्या सरहद्दीवर थांबवता येत नाही, ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वीची आहे.

याचा पडताळा मी माझ्याच गावात घेतला. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. वेचणीचा दर किलोमागे एक-दोन रुपयांनी वाढला, तोही मजूर मिळेनात म्हणून. पुढे भाव पडला तेव्हा 'आम्हालाच परवडत नाही' हे वाक्य मात्र त्याच आठवड्यात वस्तीत पोहोचले. ते वाक्य खोटे नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. कोरडवाहू चार एकरांचा मालक स्वतःच बुडत असतो. म्हणून 'भाव हा मालकांचा प्रश्न, आमचा नव्हे' असे म्हणणारे आमचे काही मित्र मला पटत नाहीत. भाव पडला की पहिली गदा मजुरीवरच येते.

दोष आमच्याकडेही आहे. दलित समीक्षेने वेदना, नकार आणि विद्रोह यांची चर्चा भरपूर केली. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी विलायती मालाने येथील कारागीर देशोधडीला लागल्याचे नोंदवले, ते मात्र आपण ओझरते वाचले. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र जयंतीच्या भाषणात पदव्यांच्या यादीपुरते येते. हे मी स्वतःलाही लावून घेतो. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मी एम. ए. झाल्यानंतर पहिल्यांदा उघडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लादले. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. सेलू-मानवतचा कापूस घरात येण्याच्या वेळीच ही सूट लागू होती. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये होता. पण तो घ्यायचा तर सातबारा हवा, त्यावर पिकाची नोंद हवी, ॲपवर नोंदणी हवी. आमच्या वस्तीतील जी माणसे वर्षानुवर्षे गायरान कसतात त्यांच्या नावावर सातबारा नाही. त्यांनी आपला कापूस खेडा खरेदीवाल्याला, तो म्हणेल त्या भावाने, घातला. 'रास्त भावा'वर लिहिणाऱ्यांनी या कापसाचा हिशेब कोणत्या खात्यात मांडला आहे, ते मला अजून वाचायला मिळालेले नाही.